दासबोध कुठून उघडावा?

पत्र: मी चोवीस वर्षांची आहे. कळव्याला राहते, घणसोलीला एका आयटी कंपनीत सपोर्टचं काम करते, शिफ्ट बदलती असते. आई बरीच वर्षं दासबोधाच्या बैठकीला, म्हणजे निरूपण ऐकायला जाते. मला समर्थ रामदासांची वाक्यं रील्सवर दिसतात, आवडतातही, म्हणून मूळ ग्रंथ हातात घेतला. दोन दशक, म्हणजे दोन भाग, कसेबसे झाले. तिसऱ्याच्या पहिल्याच ओवीत ‘जन्म दुःखाचा अंकुर’ वाचलं आणि पुस्तक मिटलं. मैत्रीण म्हणते, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा गोसावी तुला करिअरचं काय सांगणार! कॉलेजच्या ग्रुपवर समर्थ शिवरायांचे गुरू होते की नव्हते यावर भांडणं चालतात, तीही नकोशी झालीत. सगळे पुढे गेले आणि मी मागे राहिले असं वाटत राहतं, मन एका जागी ठरत नाही. यावर या ग्रंथात खरंच काही आहे का? असेल तर कसा वाचू? आणि आईबरोबर बैठकीला जाऊ का?

उत्तर: पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं ही शाळेची सवय दासबोधाच्या बाबतीत आडवी येते. वीस दशक, दर दशकात दहा समास (प्रकरणं), म्हणजे दोनशे समास आणि साडेसात हजारांवर ओव्या. पहिला दशक स्तवनांचा, दुसरा लक्षणांचा, तिसरा जन्मापासून मरणापर्यंतच्या दुःखाचा, आणि सहाव्यापासून दहाव्यापर्यंत बराचसा वेदान्त. तरुण वाचक एकतर तुमच्यासारखे तिसऱ्यात थबकतात, नाहीतर सातव्या-आठव्यात माया आणि ब्रह्म यांच्या चर्चेत दमतात. आणि व्यवहाराचं, वागण्याचं, कामाचं जे नेमकं सांगणं आहे, ते पुष्कळसं अकरा, बारा, चौदा, अठरा, एकोणीस या दशकांत आहे. तिथवर कुणी पोचतच नाही.

तेव्हा पुस्तक पुन्हा उघडा, पण बाराव्या दशकाचा नववा समास काढा. नाव आहे ‘यत्न शिकवण’. सुरुवात अशी:

दुर्बल नाचारी वोडगस्त। आळसी खादाड रिणगस्त।
मूर्खपणें अवघें वेस्त। कांहींच नाहीं॥

पुढे यादी वाढत जाते. खायला नाही, नेसायला नाही, अंथरायला-पांघरायला नाही, सोयरे नाहीत, मित्र नाहीत, कुठे ओळख नाही. मग चौथ्या ओवीत जगावं की मरावं हा प्रश्न येतो:

तेणें कैसें करावें। काये जीवेंसीं धरावें।
वाचावें कीं मरावें। कोण्या प्रकारें॥

म्हणजे हा समासच कुणाच्या तरी पत्राला दिलेलं उत्तर आहे. पुढची ओवी ते सरळ सांगते: कोणी एकाने विचारलं, कोणी एकाने उत्तर दिलं, श्रोत्यांनी आता सावधपणे ऐकावं. ना विचारणाऱ्याचं नाव, ना उत्तर देणाऱ्याचं. सदरलेखकांना हेवा वाटावा असा संयम आहे हा.

उत्तराची पहिली ओवी पाहा: ‘लाहान थोर काम कांहीं। केल्यावेगळें होत नाहीं। करंट्या सावध पाहीं। सदेव होसी॥’ एकाच ओवीत ‘करंट्या’ म्हणून झापलंय आणि ‘सदैव’, म्हणजे भाग्यवान, होशील असा भरवसाही दिलाय. त्यानंतर मोठा उपदेश येईल असं वाटतं, तो येत नाही. येतं ते असं: आळस सोड, दुश्चितपणाचा (चित्त विखुरलेलं असण्याचा) थारा मोड, सकाळी ऊठ, पाठांतर कर, आणि ‘मागील उजळणी पुढें पाठ। नेम धरावा निकट। बाष्कळपणाची वटवट। करूंच नये॥’ ज्याच्याकडे काहीच नाही त्याला देता येण्यासारखं हे एवढंच होतं, आणि ते आजच सुरू करता येण्यासारखं आहे. या समासाने करिअर निवडून मिळत नाही. निवड होईपर्यंत दिवस कसा घालवायचा ते कळतं, आणि तुमचा अडकलेला भाग आम्हाला तोच दिसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘वाचावें कीं मरावें’ हा प्रश्न तुमच्याही मनात खरोखर येत असेल, किंवा आठवडेच्या आठवडे झोप, भूक, कामातली गोडी गेलेली असेल, तर ग्रंथ बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. दासबोध त्या उपचाराची जागा घेत नाही.

दुसरा समास चौदाव्या दशकातला सहावा, चातुर्यलक्षण. मागे पडल्याच्या भावनेवर आम्हाला तरी याच्याइतकं थेट मराठीत क्वचितच सापडलंय.

रूप लावण्य अभ्यासितां न ये। सहजगुणास न चले उपाये।
कांहीं तरी धरावी सोये। अगांतुक गुणाची॥

रूप अभ्यासाने येत नाही, जन्मजात गुणाला उपाय चालत नाही, म्हणून बाहेरून येणाऱ्या, शिकून मिळणाऱ्या गुणाची काहीतरी सोय धर. लगेच पुढे उदाहरण: ‘काळें माणुस गोरें होयेना’. फिल्टरच्या जमान्यात ही ओवी वाचताना हसू येतं. पण समर्थ तिथे थांबत नाहीत. ‘मूर्खपण सांडितां जातें। शाहाणपण सिकतां येतें। कारबार करितां उमजतें। सकळ कांहीं॥’ हे अर्ध्या पानात करून पाहता येतं. वहीच्या पानावर मध्ये रेघ मारा. डावीकडे सहज गुण: उंची, रंग, घरची परिस्थिती, कॉलेजचं नाव, पहिली नोकरी कुठे मिळाली ते. उजवीकडे अगांतुक: फोनवर ग्राहकाशी न अडखळता इंग्रजीत बोलणं, एसक्यूएल, ग्राहकाच्या तक्रारीच्या तिकिटावरची नोंद अशी लिहिणं की पुढच्या शिफ्टवाल्याला पुन्हा विचारावं लागू नये. तुमच्या तुलनेच्या वेदना कुठल्या बाजूच्या आहेत ते पाहा. बहुतेकांच्या डाव्या बाजूच्या निघतात. उजवीकडचा एकच गुण तीन महिन्यांसाठी निवडा. दोन निवडले की दोन्ही सुटतात.

नोंदी लिहिण्यावरून आठवलं, एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं यावर आहे. वाटोळी, सरळ, मोकळी अक्षरं, ओळी कशा चालाव्यात, असं कारागिराचं बोलणं. त्यातली एक ओवी कोणत्याही नोकरदाराने टेबलापाशी चिकटवावी: ‘पहिलें अक्षर जें काढिलें। ग्रंथ संपेतों पाहात गेलें। येका टांकेंचि लिहिलें। ऐसें वाटे॥’ पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे. रात्रपाळीत दहाला लिहिलेली नोंद आणि पहाटे साडेपाचला लिहिलेली नोंद शेजारी ठेवून बघा.

मन ठरत नाही म्हणता, त्यासाठी आठव्या दशकाचा सहावा, दुश्चितनिरूपण. वेदान्ताच्या दशकात मध्येच हा अगदी घरगुती समास येतो. त्यातला क्रम लक्षात घ्या: ‘दुश्चीतपणापासुन आळस। आळसें निद्राविळास। निद्राविळासें केवळ नास। आयुष्याचा॥’ आपण समजतो आधी आळस येतो आणि मग लक्ष लागत नाही. इथे उलट आहे. आधी चित्त फुटतं, आणि फुटलेल्या चित्ताचा आळस होतो. म्हणून उपायही तिथूनच. वाचायला बसलात की फोन दुसऱ्या खोलीत. उशाशी उलटा ठेवून भागत नाही, कारण हात तिकडे जातोच.

यात एक चूक नेहमी होते. ‘प्रातःकाळीं उठत जावें’ हे वाचून रात्रपाळीची माणसं पहाटेचा गजर लावतात, आठ दिवसांत आजारी पडतात आणि सगळंच सोडतात. तुमची सकाळ तुम्ही उठाल तेव्हा. पाळी संपवून आल्यावर घेतलेली सात तासांची झोप हा निद्राविलास नव्हे. नेम घड्याळाला न बांधता उठण्याला बांधा: उठलं, तोंड धुतलं, एक समास.

किती वेळ लागतो? सरासरी काढली तर एका समासात साधारण एकोणचाळीस ओव्या येतात. मोठ्याने, न घाईत वाचलं तर पाच-सात मिनिटं. पण आठवडाभर एकच समास घ्या. पहिल्या दिवशी नुसता मोठ्याने, अर्थाकडे न बघता. दुसऱ्या दिवशी अर्थासह. नंतरचे दिवस परत तोच, आणि वहीत तीनच गोष्टी: कुठली ओवी लागली, ती काय करायला सांगते, रविवारपर्यंत ते केलं की नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच समास. असा वेग वाचून काहींना हसू येतं, पण ग्रंथाच्या शेवटी, विसाव्या दशकात, खुद्द समर्थांनी ‘वीस दशक दोनीसें समास। साधकें पाहावें सावकास’ असं लिहून ठेवलंय. दासनवमीच्या (समर्थांच्या पुण्यतिथीच्या) नऊ दिवसांत पारायण करतात तेव्हा रोज बावीस-तेवीस समास होतात. ती उपासना आहे, तिची जागा वेगळी. तुम्ही अभ्यासाला बसला आहात. दोन्ही एकत्र करायला गेलात की पानं पुढे सरकतात आणि डोक्यात काही उरत नाही.

मोठ्याने वाचण्याचं कारण ओवीच्या बांधणीत आहे. पहिले तीन चरण यमकाने जोडलेले, चौथा आखूड आणि मोकळा. मुद्दा पुष्कळदा त्या चौथ्यात असतो, आणि डोळ्यांनी भरभर वाचताना तोच निसटतो. रील्सवर तर तो कापूनच टाकतात. ‘सामर्थ्य आहे चळवळेचें। जो जो करील तयाचें’ इतकंच फिरतं. पूर्ण ओवी (दशक २०, समास ४, ओवी २६) ‘परंतु येथें भगवंताचें। अधिष्ठान पाहिजे’ अशी संपते. अर्धी ओवी कुठल्याही टोळक्याच्या कामाची आहे, पूर्ण ओवी तशी नाही. दशक, समास आणि ओवी यांचे आकडे नसलेलं ‘समर्थ म्हणतात’ दिसलं की आकडे शोधायचे, सापडेपर्यंत पुढे पाठवायचं नाही.

प्रत घेताना सार्थ घ्या, ओवीच्या खाली अर्थ असलेली. ‘येक’, ‘वोळखणे’, ‘सिकवण’ अशी जुनी रूपं पहिले आठ दिवस अडखळवतात, नंतर सवय होते. सार्थ प्रतींतही फरक असतो. काही अर्थ देतात, काही अर्थाच्या नावाखाली प्रवचन देतात. विकत घेण्याआधी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात दोन-तीन प्रती समोर ठेवून बारा-नऊ हाच समास ताडून पाहा. ज्या प्रतीत अर्थ ओवीपेक्षा फार लांब नाही, ती आपली. ही संस्था १८९३ पासून चालू आहे आणि कळव्याहून एकच स्टेशन.

प्रवासाचं वेगळं. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशी-पनवेल गाडीत चढताना पुस्तक काढायचा विचारही करू नका. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, इतक्या वेळात समास होत नाही. पण मनाचा श्लोक पाठ होतो. एकूण २०५ आहेत, भुजंगप्रयात वृत्तात: दर ओळीत बारा अक्षरं, लघु-गुरू-गुरू हा तुकडा चार वेळा. ही चाल एकदा कानात बसली की शब्द चुकला तर लगेच खटकतं, म्हणूनच पिढ्यान् पिढ्या ते पाठ राहिले. आठवड्याला एक नवा आणि रोज मागच्या सगळ्यांची उजळणी. अकरावा आधी घ्या: ‘जनी सर्व सूखी असा कोण आहे, विचारें मना तूंचि शोधूनि पाहें’. सगळे पुढे गेले असं वाटतं ना, तर गाडीतल्या गर्दीकडे बघत हा म्हणा.

आता मूर्खलक्षणं. दुसऱ्या दशकाचा पहिला समास तुम्ही वाचलात, बहुतेक हसत वाचला असेल. ‘दोघे बोलत असती जेथें। तिसरा जाऊन बैसे तेथें। डोई खाजवी दोहीं हातें। तो येक मूर्ख॥’ असं प्रत्येक ऑफिसात कुणीतरी असतं. लोक हा समास वाचून ज्याचं त्याचं नाव मनातल्या मनात ओवीसमोर लिहितात, ग्रुपवर टाकतात, आणि तिथेच तो फुकट जातो. शेवटी समर्थ म्हणतात की हे ‘त्यागार्थ’ बोललो आहे. तेव्हा पेन्सिल घ्या आणि समासाच्या सत्तरेक ओव्यांत फक्त स्वतःला लागू पडणाऱ्यांवर खूण करा. मग त्याच दशकाचा दहावा, पढतमूर्ख, जास्त सावधपणे वाचा. दोन-तीन महिने दासबोध वाचलेल्याला तोच जास्त लागू पडतो: ‘आपलेन ज्ञातेपणें। सकळांस शब्द ठेवणें। प्राणीमात्राचें पाहे उणें। तो येक पढतमूर्ख॥’

तिसरा दशक कायमचा सोडू नका. ‘जन्म दुःखाचा अंकुर’ पुढे ढकला, पण चौथा समास कधीतरी उघडा: ‘लेंकुरें उदंड जालीं। तों ते लक्ष्मी निघोन गेली’. एका संसारी माणसाची जवळजवळ कादंबरीच आहे ती, लग्न, पोरंबाळं, ओढाताण, पोटासाठी परदेशी जाणं, म्हातारपण. घराचे हप्ते डोक्यावर असलेल्या माणसाला ती किळसवाणी न वाटता ओळखीची वाटते. आणि मैत्रिणीच्या ‘गोसावी’ या शेऱ्याला बाराव्या दशकाची सुरुवात वाचून दाखवा: ‘आधीं प्रपंच करावा नेटका। मग घ्यावें परमार्थविवेका’. दोन ओव्या पुढे तर प्रपंच सोडून परमार्थ केला तर खायला अन्न मिळणार नाही, असं रोखठोक आहे. बारा वर्षं नाशिकजवळ टाकळीला तप आणि नंतर बारा वर्षं पायी देश पाहिलेल्या माणसाने हे लिहिलंय. अन्न न मिळणं म्हणजे काय ते त्याला ऐकून माहीत नव्हतं.

ग्रुपवरच्या भांडणाबद्दल थोडक्यात. परंपरा शिवराय आणि समर्थांची भेट १६४९ची मानते. समर्थांच्या शिष्यांच्या पत्रव्यवहाराचा आधार घेणारे अभ्यासक ती १६७२ची धरतात. हा कागदपत्रांचा वाद आहे, तो मोडी वाचणाऱ्यांनी पुढे न्यावा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यावर अवलंबून नाही.

पण दुसरा एक आक्षेप टाळू नये. पाचव्या दशकात ब्राह्मण सर्वांना पूज्य असं स्पष्ट लिहिलंय, आणि अक्षरावरचा तो सुंदर समासही ‘ब्राह्मणें’ या शब्दाने सुरू होतो. हे सतराव्या शतकाचं आहे, आज ते स्वीकारायचं कारण नाही, आणि ओढूनताणून त्याला वेगळा अर्थ चिकटवायचंही कारण नाही. त्याच समर्थांनी आपल्या विधवा शिष्या वेणास्वामींना मिरजेचा मठ सांभाळायला दिला, कीर्तनाला उभं केलं, हेही तितकंच खरं. दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

राहिली बैठक. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ मध्ये सुरू केलेल्या या परंपरेमुळे ठाणे-नवी मुंबईतल्या हजारो घरांत दासबोध पोचला, तोही ज्यांनी एरवी जुनी पोथी उघडली नसती अशा घरांत. जाऊन ऐका. नवविधा भक्तीत पहिलं श्रवणच आहे, आणि निरूपण ऐकलेला समास घरी वाचताना निम्मा सोपा होतो. मात्र बैठक हे ऐकण्याचं ठिकाण आहे, तिथे उलटसुलट प्रश्नांना वेळ नसतो. तुमचे प्रश्न वहीत टिपा आणि घरी आईला विचारा. नाही रमलं तर नका जाऊ, घरचं वाचन चालू ठेवा. बैठक असो, रीलवरचा बाबा असो, कुठेही गुरू म्हणून कुणाला धरण्याआधी पाचव्या दशकाचा दुसरा समास वाचून जा. चमत्कार दाखवणाऱ्यांना लोक गुरू म्हणतात, पण ते सद्गुरू नव्हेत, हे पहिल्याच ओवीत येतं. पुढे तर असं:

शिष्यास न लाविती साधन। न करविती इंद्रियेंदमन।
ऐसे गुरु आडक्याचे तीन। मिळाले तरी त्यजावे॥

आडका म्हणजे अगदी क्षुल्लक नाणं. त्यात तीन मिळाले तरी टाका. जो तुमच्याकडून काही करून घेत नाही आणि नुसतं बरं वाटायला लावतो, त्याची किंमत ही.

पहिल्या दोन महिन्यांचा क्रम मग असा ठेवा: बारा-नऊ, चौदा-सहा, आठ-सहा, दोन-एक, बारा-एक, एकोणीस-एक, पाच-दोन, दोन-दहा. त्यानंतर अकराव्या दशकाचा तिसरा, जिथे दिवसभराच्या वागण्याची शिकवण आहे, आणि मग आवडेल तिथून.

मधे एखाद्या सुट्टीत बाहेर पडावंसं वाटलं तर समर्थांनी स्थापलेले अकरा मारुती एका दिवसात उरकायच्या सहलीत जाऊ नका. शहापूर, मसूर, चाफळचे दोन, उंब्रज, शिंगणवाडी, माजगाव सातारा जिल्ह्यात. बहे-बोरगाव आणि शिराळा सांगलीत. मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. एका दिवसात फक्त गाडीतून चढणं-उतरणं होतं. ठाण्याहून सोयीची शिवथरघळ, महाडहून वरंध घाटाच्या रस्त्याने. दासबोध इथे लिहिला गेला असं परंपरा सांगते. पावसाळ्यात धबधबा पाहायला गर्दी असते, दगड निसरडे असतात आणि घळीत आवाजाने काही ऐकू येत नाही. हिवाळ्यात, आठवड्याच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी जा, सार्थ प्रत बरोबर घ्या, म्हणजे बसून एक समास वाचता येईल.